लिंबूटिंबूचे सोंग

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन खेळ

गेल्या अंकात ऑनलाइन गोल्फमधील हँडिकॅप कसा ठरतो याविषयी दोन परिच्छेद लिहिले होते. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला, आणि कच्च्या खेळाडूच्या फटक्यांतून वजा होणारी सवलत म्हणजे हँडिकॅप. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच तक्रारीवर आहे : काही खेळाडू एरवी मुद्दाम वाईट खेळून आपले मानांकन खाली ठेवतात आणि बक्षिसाच्या दिवशी खरा खेळ बाहेर काढतात. गोल्फच्या जगात या प्रकाराला सँडबॅगिंग म्हणतात. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी बँकेतून निवृत्त झालो असून ठाण्यात राहतो. आम्ही चाळीसएक मित्र संगणकावर गोल्फ खेळतो आणि दर रविवारी रात्री नऊ वाजता आमची स्पर्धा असते. प्रवेशशुल्क काही नाही; फिरता चषक आहे आणि महिन्याच्या विजेत्याला आमच्यातले एक सदस्य हौसेने पुस्तकांचे कूपन देतात. आठवड्यातील सरावाच्या शेवटच्या वीस फेऱ्यांची सरासरी काढून आम्ही प्रत्येकाचा हँडिकॅप ठरवतो. एक सदस्य सरावात ८४ ते ८६ फटक्यांत फेरी संपवतात आणि रविवारी मात्र ७३ मध्ये. गेल्या सहापैकी चार रविवार त्यांनी जिंकले. मागच्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर सरावाला होतो. अठराव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, त्यांचा चेंडू होलपासून दीड फुटावर होता. त्यांनी पट, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे घरंगळवण्याचा हलका फटका, इतक्या जोरात मारला की चेंडू होल ओलांडून सहा फूट पुढे गेला. परतीचा पटही तसाच गेला. अखेर चौथ्या पटात चेंडू आत पडला. “वय झाले, हात थरथरतो,” असे त्यांनी लगेच चॅटमध्ये लिहिले. रविवारी त्याच हाताने वीस फुटांवरून बर्डी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) झाली. हे नशीब समजावे की लबाडी? आणि आम्ही काय करावे?

उत्तर : रविवारी थांबणारी आणि गुरुवारी परतणारी ही थरथर वैद्यांना कोड्यात टाकील, हिशेब लिहिणाऱ्याला मात्र तिचे कारण लगेच दिसते. आपल्या मित्रांच्या मनात काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि आपणही ते शोधण्याच्या मागे लागू नये. आपल्या गटाचा नियमच असा आहे की गुरुवारी जितके वाईट खेळावे तितके ते रविवारी फायद्याचे ठरते. एवढी सोय करून ठेवल्यावर चाळिसांतला एकच जण वेड पांघरून पेडगावला निघाला, याचेच मला नवल वाटते.

हँडिकॅपची कल्पना आपल्याला परकी नाही. लहानपणी लपंडावात धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेत असत आणि त्याच्यावर राज्य येत नसे. त्यामुळे थोरल्यांचा खेळ बिघडत नसे आणि धाकट्यालाही खेळल्याचे समाधान मिळे. अंगणात लिंबूटिंबू कोण हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते. ऑनलाइन खेळात ते आकड्यावरून ठरते आणि तो आकडा ज्याचा त्यानेच घडवलेला असतो. त्यामुळे आकडा कोणत्या फेऱ्यांवरून आणि कोणत्या रीतीने काढायचा, यातच सगळी मेख आहे.

आपल्याच आकड्यांवर हिशेब करून पाहू. पार, म्हणजे फेरीसाठी ठरलेले अपेक्षित फटके, ७२ आहे असे धरले तर आपल्या मित्रांच्या सरावाच्या फेऱ्या पारच्या १२ ते १४ वर, म्हणजे सरासरी १३ वर संपतात. आपण केवळ सरावाच्याच फेऱ्या मोजता, म्हणून त्यांचा हँडिकॅप १३ येतो आणि रविवारी ७३ झाले की हँडिकॅप वजा जाता उरणारा नेट स्कोअर ६० होतो. आता समजा, शेवटच्या वीस फेऱ्यांत सहा रविवारच्या आणि चौदा सरावाच्या आहेत, आणि दोन्ही मोजल्या. वीस फेऱ्यांची साधी सरासरी घेतली तरी हँडिकॅप ९.४ वर उतरतो. वीसपैकी केवळ उत्तम आठ फेऱ्या घेतल्या, म्हणजे रविवारच्या सहा आणि सरावातल्या १२ वर संपलेल्या दोन, तर तो अवघा ३.७५ राहतो. एकही फेरी नव्याने न खेळता रविवारचे नेट ६० वरून एकोणसत्तरच्या पुढे जाते.

वीसपैकी उत्तम आठ हा नियम माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी जगातल्या सहा वेगवेगळ्या हँडिकॅप पद्धती एकत्र करून जानेवारी २०२० पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धती सुरू केली, तिचा तो पाया आहे. साधी सरासरी खेळाडूला सहज वाकवता येते : वीसपैकी एकाच फेरीत चाळीस फटके जास्त मारले की सरासरी दोन फटक्यांनी वर जाते. उत्तम आठांच्या सरासरीवर त्या फेरीचा काहीही परिणाम होत नाही. एखाद्याच्या सगळ्या फेऱ्या सारख्याच दर्जाच्या आहेत असे धरले तर त्याने एकामागून एक बारा फेऱ्या वाया घालवल्या तरी त्याचा हँडिकॅप जागचा हलत नाही. तेराव्या वाईट फेरीपासून तो कुठे वर सरकू लागतो. पुस्तकांच्या कूपनासाठी तेरा संध्याकाळी चेंडू पाण्यात घालण्याची चिकाटी फार थोड्यांकडे असते.

आपण नशिबाविषयी विचारले आहे, त्याचेही उत्तर याच पद्धतीत आहे. हँडिकॅप उत्तम आठ फेऱ्यांच्या सरासरीवर ठरत असल्यामुळे प्रामाणिक खेळाडूही वीसपैकी साधारण चार-पाच वेळाच आपल्या हँडिकॅपइतका किंवा त्याहून सरस खेळतो. एखाद्या रविवारी कोणी पाच फटक्यांनी सरस खेळला तर त्याचे अभिनंदन करावे. दर रविवारी बारा फटक्यांनी सरस खेळणाऱ्याचा हँडिकॅप चुकीचा आहे एवढेच म्हणावे. चुकीचा कशामुळे, हा प्रश्न विचारण्याची गरज पडत नाही, कारण जागतिक पद्धतीत तो न विचारताच दुरुस्ती होते. एखाद्या फेरीचा फरक, म्हणजे मैदानाचे काठिण्य हिशेबात धरून काढलेला त्या फेरीचा आकडा, खेळाडूच्या हँडिकॅपपेक्षा ७ ते ९.९ फटक्यांनी सरस आला तर त्याचा हँडिकॅप एका फटक्याने, आणि १० किंवा त्याहून अधिक फटक्यांनी सरस आला तर दोन फटक्यांनी तत्काळ खाली आणला जातो.

उलट दिशेलाही बांध घातला आहे. गेल्या ३६५ दिवसांतला सर्वांत कमी हँडिकॅप लक्षात ठेवला जातो आणि त्यापेक्षा तीन फटक्यांहून अधिक वाढ झाली की वरची वाढ निम्मीच धरली जाते; पाच फटक्यांच्या वर तर ती जातच नाही. ज्याचा वर्षातला नीचांक ८ आहे त्याचे गणित १४ आले तरी त्याला १२.५ मिळतात आणि १८ आले तरी १३ च. शिवाय हँडिकॅपसाठी फेरी नोंदवताना एका होलवर पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर त्या खेळाडूला मिळणारी सवलत, यापेक्षा जास्त फटके मोजत नाहीत. म्हणजे एकाच होलवर पंधरा फटके मारून आकडा फुगवण्याची वाट बंद होते. खऱ्या मैदानावर यात कोर्सचे रेटिंग आणि स्लोप, म्हणजे मैदान किती कठीण याची मापे, हेही घटक येतात. आपण सगळे एकाच कोर्सवर एकाच टीवरून (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) खेळत असाल तर ते सोडून दिले तरी चालेल.

तेव्हा येत्या पहिल्या तारखेपासून चाळीसही जणांचा हँडिकॅप सराव आणि स्पर्धा दोन्ही मिळून वीसपैकी उत्तम आठ फेऱ्यांवर नव्याने काढावा, आणि वर सांगितलेली घट व बांध सर्वांना सारखे लावावेत. गटाला जे पत्र लिहाल त्यात कोणाचे नाव नको, उदाहरणही नको. अठराव्या ग्रीनवरच्या त्या चार पटांविषयी तर काहीच करू नये. हवे तर पाचवाही मारू द्यावा.

प्रश्न : मी नागपूरला अभियांत्रिकीला आहे. सुरुवातीचे तीन-चार होल बिघडले की मी फेरी सोडून देतो आणि नवी सुरू करतो. त्यामुळे माझी सरासरी छान दिसते. मित्र म्हणतात की हेही सँडबॅगिंगच आहे. खरे आहे का?

उत्तर : आपले मित्र रोगाचे नाव चुकले आहेत. सँडबॅगिंग करणारा आपण आहोत त्यापेक्षा कच्चे आहोत असे भासवतो. आपण त्याच्या उलट करता आहात. स्पर्धेत याचा तोटा आपल्यालाच होतो, कारण फुगवलेल्या कर्तबगारीमुळे सवलत कमी मिळते. मात्र सोडलेल्या फेऱ्या मोजायच्याच नाहीत अशी मुभा ज्या खेळात आहे, तिथे आपल्यासारखा हौशी वाईट फेरी सोडतो आणि सोंग घेणारा चांगली फेरी सोडतो. सतराव्या होलपर्यंत पारच्या दोन खाली असलेला खेळाडू अठराव्यावर ‘नेट गेले’ म्हणून बाहेर पडतो, ते यासाठीच. दार एकच असल्यामुळे ते दोघांसाठीही बंद करावे लागते. जागतिक पद्धतीच्या २०२४ च्या सुधारणेनुसार वैध कारणाने अपुऱ्या राहिलेल्या फेरीत न खेळलेल्या होलसाठी त्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर धरला जातो. ऑनलाइन खेळात हे करणे त्याहून सोपे आहे, कारण फेरी कुठे सुटली याची नोंद यंत्राकडे आपोआप असते. तोपर्यंत आपण निदान स्वतःसाठी एक वही ठेवून सगळ्या फेऱ्या लिहाव्यात. पहिल्या आठवड्यात वाईट वाटेल.

प्रश्न : आम्ही पुण्यात चौघे मिळून मोबाइलवरचा गोल्फचा खेळ तयार करतो. दोन खेळाडू समोरासमोर खेळतात आणि एलो पद्धतीने त्यांचे मानांकन बदलते. मानांकनानुसार पाच गट आहेत. साप्ताहिक स्पर्धेची बक्षिसे पाचही गटांना सारखीच आहेत. अनेक जण मुद्दाम हरून खालच्या गटात उतरतात असे आमच्या लक्षात आले आहे. एलो सोडून दुसरे सूत्र घ्यावे का?

उत्तर : सूत्राला हात लावण्यापूर्वी आपल्या पत्रातले बक्षिसांविषयीचे वाक्य पुन्हा वाचावे. चौथ्या गटात तिसरा येणाऱ्याला जे मिळत नाही ते दुसऱ्या गटात पहिला येऊन मिळत असेल, तर दोन पायऱ्या खाली उतरणे हा शहाणपणाचा सौदा आहे आणि तो आपण स्वतःच देऊ केला आहे. बक्षिसे गटागणिक चढती ठेवली, आणि खालच्या गटातल्या पहिल्या बक्षिसापेक्षा वरच्या गटात मधल्या क्रमांकावर राहणे किफायतशीर केले, की निम्मे काम होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी बुद्धिबळाकडे पाहावे, कारण एलो पद्धती तिथली आहे. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. सूत्राचा गाभा असा की दोघांच्या गुणांत ४०० चा फरक असेल तर वरच्याने अकरापैकी सुमारे दहा गुण मिळवणे अपेक्षित असते. हाच गाभा हरणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. बदलाचा गुणक, म्हणजे एका डावात जास्तीत जास्त बदलू शकणारे गुण, ३२ ठेवला असेल तर १८०० गुणांचा खेळाडू १४०० वाल्याकडून हरला की एका डावात २९ गुण उतरतो. रोज असा एक डाव हरत गेला तर आठवड्याअखेर जवळजवळ एकशे नव्वद गुण खाली असतो. चढायला महिने आणि उतरायला आठवडा, असा हा घाट आहे.

अमेरिकेतल्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धांत गुणांच्या गटांनुसार रोख बक्षिसे असतात, त्यामुळे हा उपद्रव तिथे जुनाच आहे. तिथल्या संघटनेने सूत्र टाकून दिले नाही, त्याला जमीन घातली : खेळाडूने एकदा जो उच्चांक गाठला त्याच्या साधारण २०० गुण खाली त्याचे मानांकन घसरू शकत नाही, आणि एखाद्या गटात मोठे रोख बक्षीस जिंकणाऱ्याची जमीन त्या मानाने आणखी वर उचलली जाते. आपल्या खेळातही हे दोन दिवसांत लिहून होईल. वृद्धापकाळाने किंवा आजारपणाने खरोखर खेळ उतरलेल्यांसाठी अर्ज करून जमीन खाली आणण्याची सोय ठेवावी; असे अर्ज फार येत नाहीत आणि आले तर माणसाने वाचावेत.

गोल्फच्या खेळात आणखी एक गुंता असतो. वर्ल्ड गोल्फ टूरसारख्या ऑनलाइन खेळात हॅक, अमॅच्युअर, प्रो, टूर प्रो, मास्टर अशा पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीवर गेलेल्याला अधिक मागच्या टीवरून खेळावे लागते. तिथे वर चढणे म्हणजे प्रतिस्पर्धीही कठीण आणि मैदानही लांब, म्हणून हरून खाली येण्यापेक्षा वर जाण्याचे टाळणे हाच सोंगाचा प्रकार होतो. आपण पायरी आणि टी यांची अशी गाठ बांधली असेल तर बढतीबरोबर काहीतरी गोडही द्यावे, नाहीतर बढती ही बदलीसारखी वाटते आणि सरकारी नोकरीत दूरच्या बदलीच्या बढत्या नाकारणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

आता बुद्धिबळाकडे नाही आणि आपल्याकडे आहे अशी गोष्ट : आपल्याकडे प्रत्येक फटक्याची नोंद आहे. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या लाखो फटक्यांवरून अंतरागणिक अपेक्षा काढल्या. तिथले व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरून शंभरात ९६ पट घालतात आणि आठ फुटांवरून निम्मे. प्रत्येक फटका अपेक्षेपेक्षा किती सरस किंवा कमी पडला हे मोजण्याची त्यांची पद्धत पटिंगपुरती २०११ पासून त्या टूरच्या अधिकृत आकडेवारीत आली. आपल्या खेळासाठी आपल्याच खेळाडूंच्या नोंदींवरून असा तक्ता करावा. जो खेळाडू दोनशे यार्डांवरून चेंडू झेंड्याजवळ आणून ठेवतो आणि दोन फुटांवरून वारंवार चुकतो, त्याची क्षमता त्याच्या लांब फटक्यांवरून कळते. छोटे फटके त्याने पाहिजे तर डोळे मिटून मारावेत. जोड्या लावताना डावांच्या निकालांऐवजी या क्षमतेला वजन दिले की हरण्याचा उपयोग संपतो. मात्र या तक्त्यावरून कोणाला आपोआप हद्दपार करू नये. दोन फुटांवरचा पट चुकण्याचे कारण मांडीवर चढलेले नातवंडही असू शकते.

प्रश्न : मी अबू धाबीत राहते आणि माहेरच्या, म्हणजे नाशिकच्या, मंडळींबरोबर ऑनलाइन गोल्फ खेळते. दोन महिन्यांत माझा हँडिकॅप २२ वरून ११ वर आला. मी रोज रात्री मुले झोपल्यावर तासभर सराव करत होते. गेल्या स्पर्धेत पहिली आले तेव्हा एका भाच्याने सर्वांसमोर लिहिले, “मावशीने इतके दिवस पत्ते झाकून ठेवले होते.” मला फार लागले. अशा आरोपाला काय उत्तर द्यावे?

उत्तर : आपण काहीही उत्तर देऊ नये; आपल्या फेऱ्या ते देतील. मेहनतीने सुधारलेला खेळ आणि झाकून ठेवलेला खेळ यांतला फरक ओळखणे वाटते तितके कठीण नाही. एका कागदावर तारखेनुसार सरावाच्या फेऱ्यांसाठी एक रेघ काढावी आणि स्पर्धेच्या फेऱ्यांसाठी दुसरी. सुधारणाऱ्या खेळाडूच्या दोन्ही रेघा बरोबरीने खाली येतात, क्वचित सरावाची रेघ आधी येते. सोंग घेणाऱ्याच्या दोन रेघांत अंतर असते आणि ते महिनोन्महिने तसेच राहते. आपला हँडिकॅप ११ पर्यंत उतरला, हाच आपल्या बाजूचा पुरावा आहे, कारण पत्ते झाकणाऱ्याने तो २२ वर जपून ठेवला असता.

आपल्या भाच्यावर मी फार रागावू शकत नाही, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गटाच्या नोंदी माझ्याकडे होत्या. एका तरुण सदस्याचा स्कोअर एका आठवड्यात नऊ फटक्यांनी सुधारला आणि त्याने लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या. मी नोंदी नीट न पाहता गटात जाहीरपणे लिहिले की ही सुधारणा संशयास्पद आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला : इतके दिवस तो लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर अंगठ्याने खेळत होता आणि आता घरी संगणक घेऊन माऊसने खेळू लागला होता. त्याच्या सरावाच्या फेऱ्याही त्याच दिवसापासून नऊ फटक्यांनी सुधारल्या होत्या. त्या माझ्याच वहीत होत्या आणि मी त्या पाहिल्या नव्हत्या. मी जितक्या जाहीरपणे आरोप केला होता तितक्याच जाहीरपणे माफी मागितली. त्याने माफ केले, गट मात्र सोडला.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. शंका आली तर आधी दोन्ही रेघा पाहतो, आणि तरीही शंका उरली तर त्या माणसाला एकट्याला विचारतो. गटचालक म्हणून आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी भाच्याला एवढे सांगावे की शंका असेल तर ती नोंदी ठेवणाऱ्याला कळवायची, चॅटवर लिहायची नाही.

प्रश्न : मला ही सगळी ओरड अनाठायी वाटते. नियमांत बसून हरणे हा माझा हक्क आहे. कधी जोर लावायचा आणि कधी नाही, हे डावपेच झाले. हरणे हा गुन्हा कसा ठरतो? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपला प्रश्न तिरकस असला तरी खरा आहे. तो ऑलिम्पिकमध्येही विचारला गेला होता. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनला प्रथमच गटसाखळी आली. महिला दुहेरीत चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चार जोड्यांनी ३१ जुलैला आपापले शेवटचे साखळी सामने हरण्याचा प्रयत्न केला, कारण गटात दुसरे आल्यास बादफेरीत सोपा रस्ता मिळणार होता. सर्व्हिस जाळ्यात जात होत्या, साधे फटके बाहेर पडत होते आणि प्रेक्षक हुर्यो करत होते. दुसऱ्या दिवशी आठही खेळाडूंना पूर्ण प्रयत्न न केल्याच्या कलमाखाली बाद करण्यात आले. त्याच स्पर्धेत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांची जोडी निसटत्या गुणफरकाने उपान्त्यपूर्व फेरीला मुकली. त्यांच्या गटातल्या जपान आणि चायनीज तैपेई यांच्या सामन्याविषयी भारताने तक्रार केली, पण ती मान्य झाली नाही.

म्हणजे मुद्दाम हरण्याला शिक्षा होऊ शकते. तरीही आपल्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पटतो. त्या आठ जणींनी गुणतक्ता वाचला आणि तो जे करायला सांगत होता ते केले. जागतिक बॅडमिंटन महासंघालाही हे उमगले असावे, कारण रिओ २०१६ साठी त्यांनी नियमच बदलला : गटात दुसऱ्या येणाऱ्या जोड्यांची पुढची गाठ कोणाशी पडणार हे साखळी संपल्यावर नव्याने सोडत काढून ठरवायचे. दुसरे येऊन कोणता रस्ता मिळेल हे आधी कळेनासे झाले.

आपल्याला डावपेच आवडत असतील तर ते जरूर करावेत, वारा पाहून क्लब बदलावा, कठीण होलवर मुद्दाम आखूड मारावे. हँडिकॅपच्या स्पर्धेत मात्र आपण समोरच्याकडून सवलत मागून घेतलेली असते. ती मागताना सांगितलेला आकडा खोटा असेल तर त्याला डावपेच म्हणता येत नाही. साताऱ्याच्या बाजारपेठेत कोणी वजनाच्या काट्याखाली बोट लावले तर त्याला आपण काय म्हणता, तेच इथे म्हणावे.

प्रश्न : आमच्या पणजीच्या गटात काही जुने खेळाडू दुसऱ्या नावाने नवे खाते उघडून नवशिक्यांच्या स्पर्धा जिंकतात. नव्या खात्याला हँडिकॅप काय द्यावा?

उत्तर : नव्या माणसाला उदारपणे मोठा हँडिकॅप देण्याची आपली पद्धत असणार. ती आजच बंद करावी. जागतिक पद्धतीत अठरा होलच्या तीन फेऱ्या नोंदवल्याशिवाय हँडिकॅप मिळत नाही, आणि तीनच फेऱ्या असतील तर त्यांतली सर्वांत चांगली घेऊन तिच्यातून आणखी दोन फटके वजा करतात. चार फेऱ्या झाल्या की एकच फटका वजा होतो, पाच झाल्या की काहीच नाही, सहा झाल्या की उत्तम दोन फेऱ्यांच्या सरासरीतून पुन्हा एक, आणि सातव्या फेरीपासून वजावट थांबते. खरा नवशिका यात थोडा भरडला जातो, पण पुढच्या काही फेऱ्यांत त्याचा आकडा सावरतो. जुन्या खेळाडूला मात्र तीनही फेऱ्या वाईट खेळाव्या लागतात आणि पहिल्याच चांगल्या फेरीला वर सांगितलेली एक-दोन फटक्यांची घट लागते. याखेरीज वीस फेऱ्या पूर्ण होईपर्यंत नव्या खात्याने स्पर्धेत खेळावे, गुणतक्त्यात त्याचे नाव वेगळ्या रंगात दिसावे आणि बक्षीस त्याच्या खालच्या क्रमांकाला जावे. आपल्या गटात महिन्याला आठ-दहा फेऱ्या होत असतील तर हे दोन-अडीच महिन्यांचे काम आहे.